आईंना ठेवायचं कुठे

न्यू पनवेल,
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

निनाद,

वर 'श्री' घातलेला नाही आणि खाली 'सप्रेम नमस्कार'ही नाही. श्री नाही, कारण दुखवट्याच्या पत्राला तो घालत नाहीत. नमस्कार नाही, कारण तुला सप्रेम काही लिहिणं मला या घडीला जमणार नाही. तू बरा असशील. डब्लिनमध्ये थंडी असेल. रूपाला सांग की तिचा निरोप पोचला. इंग्रजीत होता, पण मनापासून लिहिलेला वाटला. दुसऱ्या बायकोने पहिलीला इतकं नीट लिहावं याचं मला कौतुक वाटलं. इकडे मी ठीक, गंगू ठीक, नळाला पाणी एक दिवसाआड. झाली खुशाली.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू रडतोस, आणि तू रडायला लागलास की मला तुझी समजूत काढावी लागते. ते काम मी लग्नात पुष्कळ केलं, आता ते माझ्याकडे नाही. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तू पहिल्या दोन ओळी वाचतोस आणि जोडलेले हात पाठवून मोकळा होतोस. म्हणून कागद घेतला आहे. शेवटपर्यंत वाच.

तुझे प्रश्न दोन. एक, दिवाळीपर्यंत अस्थी सांभाळशील ना. दुसरा तू हल्ली प्रत्येक फोनमध्ये विचारतोस आणि मी प्रत्येक वेळी कुकरच्या शिट्टीचं निमित्त करून फोन ठेवते, की आईने शेवटी माझं नाव घेतलं का. दोन्हीची उत्तरं देते. पण आधी माझं ऐकून घे, कारण गेला महिनाभर इथे प्रत्येक जण मला काहीतरी सांगतोय आणि ऐकत कुणीच नाही.

आई गेल्या तो शनिवार होता, मला सुट्टी. सकाळी चहा झाला, बिस्किट झालं, आणि त्या जरा आडव्या झाल्या. मी कपडे वाळत घालत होते. गंगू त्यांची वेणी घालायला फणी घेऊन गेली आणि तशीच परत आली. "ताई, आजी उठत नाय," म्हणाली. तू व्हिडिओ कॉलवर जिला 'नर्सबाई' म्हणायचास ती ही गंगू. ती नर्स नाही. नेऱ्याच्या पुढे डोंगराखाली वाडी आहे तिथून येते, आधी वीटभट्टीवर होती. आईंना आंघोळ घालताना ती त्यांना इतकी रागवायची की मला वाटे आई एक दिवस तिला काढून टाकतील. आई तिलाच विचारून जेवायच्या.

डॉक्टर आले. दाखला लिहिताना विचारलं, आपण कोण त्यांच्या? म्हटलं, सून. शववाहिनीच्या ड्रायव्हरने विचारलं, सून. स्मशानातल्या खिडकीवर विचारलं, तिथेही सून. पण तिथे माझ्या मागे इंद्रजीत उभा होता. तुझा हा चुलतभाऊ नेऱ्याच्या फार्महाऊसवरून पांढरे कपडे घालून, चार गाड्या घेऊन आला होता. त्याने खिडकीत डोकं घातलं आणि म्हणाला, "माजी. माजी सून लिहा." खिडकीतला माणूस बिचारा गोंधळला. म्हणाला, "साहेब, माजी नगरसेवक असतो. माजी सून कसं लिहू?" शेवटी त्याने मला खोडलं आणि इंद्रजीतला लिहिलं, पुतण्या. अग्नी त्यानेच दिला. मी बाहेर बाकावर बसले होते, आईंचा चष्मा माझ्या पर्समध्ये होता.

मी दिवसभर काय काम करते तुला माहीत आहे. द्रोणागिरीला बसून न्हावा शेव्याच्या बंदरातून लोकांचे कंटेनर सोडवते. ज्याच्या नावाचा माल त्यालाच मिळतो, हे मी रोज दहा माणसांना समजावते. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की समोरच्या माणसाला ते ऐकताना कसं वाटत असेल.

आता सुतकाची गंमत ऐक. पहिल्या दिवशी शेजारणींनी रीतीप्रमाणे पिठलं-भात आणून दिला. माझ्या घरी चूल नको म्हणून. दुसऱ्या दिवशी जिन्यात चर्चा सुरू झाली की हिला सुतक आहे की नाही? घटस्फोट झालेला, म्हणजे ही आता चौबळांची नाही. माहेरची म्हणावी तर चौबळांचं सुतक माहेरी लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी थेट गुरुजींना फोन लावला, स्पीकरवर. गुरुजी म्हणाले, काडीमोड झालेल्या सुनेला सुतक नाही. झालं! पिठलं-भात बंद. वर आणखी कहर म्हणजे रथसप्तमी जवळ आली होती, हळदीकुंकवाचे दिवस संपत आले होते, तर त्याच बाई संध्याकाळी दारात हजर. "कादंबरी, तुला सुतक नाही ना, मग ये की हळदीकुंकवाला. वाण म्हणून स्टीलचे डबे आहेत." आईंचा पलंग तेव्हा नुसता उभा करून ठेवला होता भिंतीला, गादी गच्चीत उन्हात होती. मी म्हटलं, येते. आणि दार लावून घेतलं.

गंगू भांडी घासत होती. तिला काही झेपेना. "तुमाला सुतक नाय?"

"नाही म्हणे."

"मग रडता कशाला?"

तिला काय सांगणार! मी म्हटलं, कांदा कापत होते. घरात कांदा नव्हता हे तिला माझ्याआधी माहीत होतं. ती म्हणाली, "बरं," आणि बंब पेटवताना फुंकावं तसं फूं करून नाक शिंकरलं. मग दोघी बसलो.

तुला एक आठवण करून द्यायची आहे, कारण तू तेव्हा डब्लिनला पोचला होतास. कोर्टाचं सगळं झाल्यावर मी या घरातून बॅग भरून निघाले होते. आई दारात आडव्या. 'तो गेला तो गेला, तू कुठे निघालीस? वाल भिजवलेत बिरड्याचे. एवढे कोण सोलणार?' मी वाल सोलायला म्हणून थांबले. तेव्हापासून इथेच आहे. या थांबण्याला शास्त्रात काय म्हणतात ते कुणी गुरुजींना विचारलं नाही.

त्यानंतर इंद्रजीतचा फ्लेक्स. चौकात, एवढा मोठा. 'भावपूर्ण श्रद्धांजली, कै. श्रीमती कुमुद चौबळ'. खाली शोकाकुल म्हणून नावं: तू, रूपा, इंद्रजीत, त्याची बायको, 'समस्त चौबळ परिवार', आणि त्याच्या कुठल्याशा मित्रमंडळाचे पंधरा-वीस इसम. त्यांतले निम्मे आईंना मारुतीच्या देवळातही भेटले नसतील. माझं नाव नाही, ते मी धरूनच चालले होते. पण फोटो! आईंचा एकच बरा फोटो होता, गेल्या वर्षी माझ्या ऑफिसच्या कार्यक्रमात काढलेला, त्यात मी त्यांच्या शेजारी उभी. इंद्रजीतने मला कापलं. हात मात्र आईंच्या खांद्यावर होता, तो कसा कापणार? तर चौकात आई हसतायत आणि त्यांच्या खांद्यावर एक हात आहे, मनगटापर्यंत, घड्याळासकट. भाजीवाल्या मावशींनी मला थांबवून विचारलं, "बाय, त्यांच्या खांद्यावर कुनाचा हात हाय गो?" मी बाही खाली ओढली आणि मेथी घेतली.

हसलास ना? मीही हसले होते, नंतर.

दहाव्याला गाढी नदीच्या काठी पिंड ठेवले. मी लांब उभी होते, मला नको कुणी म्हणालं नव्हतं आणि ये असंही म्हणालं नव्हतं. कावळे झाडावर ढीगभर. शिवायला एकही तयार नाही. मग सुरू झालं नेहमीचं, बाईंचं मन कशात अडकलंय? इंद्रजीतने हात जोडून सांगितलं की काकू, फ्लॅटचं सगळं नीट करू. कावळा ढिम्म. कुणी म्हणालं, दर वर्षी अन्नदान करू. ढिम्म. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की निनादमध्ये जीव अडकलाय, आणि तुला व्हिडिओ कॉल लावला. तुला आठवत असेल, तू गाडीत होतास. इंद्रजीतने फोन पिंडासमोर धरला, तू म्हणालास, 'आई, मी येतो, लवकर येतो,' आणि तुझा आवाज इतका मोठा आला की झाडावरचे होते नव्हते ते सगळे कावळे उडून गेले. गुरुजींना पुढे कामोठ्याला दुसरं कार्य होतं. त्यांनी दर्भाचा कावळा केला, शिवला, आटोपलं. तुला सगळ्यांनी सांगितलं की तुझा शब्द ऐकून लगेच कावळा शिवला. तो गवताचा होता.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं आईंना काय हवं होतं ते, कारण ते मला ठाऊक होतं. त्यावर येते.

आता अस्थी. तू आधी म्हणालास, मार्चमध्ये येतो, नाशिकला जाऊन विधिपूर्वक करू, तोवर ठेवा. बरं. इंद्रजीतने सावडून मडक्यात भरल्या, वर लाल फडकं बांधलं आणि फार्महाऊसवर आंब्याला टांगायला नेल्या. अर्ध्या तासात त्याची बायको मडकं गाडीत घालून माझ्या दारात. तिच्या मुलीचं लग्न ठरलंय, पाहुणे येतील जातील, घराभोवती अशुभ नको. मी म्हटलं, मग माझ्याकडे कसं चालेल? तर काय म्हणाली ऐक. "तुम्हाला काय लागणार? तुम्ही घरच्या थोड्याच आहात?"

म्हणजे बघ निनाद, शोकाकुलात मी नाही, सुतकात मी नाही, स्मशानातल्या नोंदीत नाही. पण मडकं सांभाळायला मी बरी, का, तर परकी आहे म्हणून मला दोष लागत नाही! मला भयंकर संताप आला. मडकं मात्र हातात घेतलं. ते जमिनीवर ठेवायचं नसतं आणि उंबऱ्याच्या आतही न्यायचं नसतं, एवढं मलाही कळतं. तर दारात उभी, हातात आई, आणि आत टाकता येईना की बाहेर. असून अडचण नसून खोळंबा म्हणतात तो हाच.

खाली पार्किंगपाशी बदामाचं झाड आहे, त्याला बांधलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी अवधूतराव. अतिशय सभ्य माणूस, सभ्यपणानेच छळतो. "मॅडम, भावना समजतात, पण लोक सकाळी कामाला निघतात आणि पहिलं दर्शन हे. शिवाय त्या फांदीखाली माझी गाडी असते." मग ग्रुपवर सूचना: 'सोसायटीच्या झाडांना वैयक्तिक वस्तू टांगू नयेत.' वैयक्तिक वस्तू! आई या सोसायटीत आल्या तेव्हा तो बदाम नव्हता. तो त्यांनी लावलाय, हे मी ग्रुपवर लिहिलं. त्यावर कुणीतरी वाढदिवसाचा केक टाकला.

तिथून सोडलं आणि बाल्कनीच्या ग्रिलला बाहेरच्या बाजूने बांधलं, कपड्यांच्या दोरीच्या हुकाला. ते घराबाहेर धरायचं असं मी ठरवलं, शास्त्रालाही आता फ्लॅटची सवय करायला हवी. तर वरच्या मजल्याच्या एसीचं पाणी बरोब्बर फडक्यावर. थेंब थेंब. गंगूने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आजीला सर्दी होल," म्हणाली आणि मडक्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली, कुठल्याशा साडीच्या दुकानाची, केशरी. आणि अशा वेळी तुझा मेसेज आला: मार्च जमत नाही, मेमध्ये रूपाला सुट्टी नाही, दिवाळीला नक्की. 'तोवर प्लीज जपून ठेव.' उंटावरून शेळ्या हाकणं मी पुष्कळ पाहिलंय, पण तू विमानातून हाकतोस.

दिवाळी! मध्ये अख्खा पावसाळा आहे, निनाद. आईंना ठेवायचं कुठे?

तर तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. अस्थी आता माझ्याकडे नाहीत. गेल्या शनिवारी सोडल्या.

ओरडून घे. मी पुढे लिहिते.

नाशिकला नाही नेल्या. आईंच्या माहेरी नेल्या. आईंचे वडील उरणच्या अलीकडे मिठागरावर कारकून होते हे तुला ऐकून माहीत असेल. ते मिठागर म्हणजे आजचं द्रोणागिरी, जिथे मी रोज कामाला जाते. खाडीची ती फांदी अजून आहे, गोदामांच्या मागे, तिवरांच्या आत. स्कूटरवर मी आणि मागे गंगू, मांडीत मडकं, केशरी पिशवीसकट. करळ फाट्याला ट्रेलरची ही रांग. हवालदाराने अडवलं, मागच्या बाईंचं हेल्मेट कुठे? गंगू म्हणाली, "सायेब, हातात आजी हाय. हेल्मेट कशानं धरू?" त्याने फडकं पाहिलं, हात जोडले, आणि शिट्टी मारून दोन ट्रेलर थांबवून आम्हाला वाट दिली. जाता जाता मला विचारलं, "आई का?" गंगूच म्हणाली, "हां, यांची आई." मी काही दुरुस्त केलं नाही. खिडक्यांवर दुरुस्त्या करून झाल्या होत्या माझ्या.

गोदामाच्या मागे पोचलो तर खाडीत पाणीच नाही. नुसता काळा चिखल. मी रोज दोनशे मीटरवर बसून जगभरच्या जहाजांची वेळ बघते आणि भरती कधी ते बघून निघायचं सुचलं नाही मला! चिंबोऱ्यांचे सापळे घेऊन एक म्हातारबुवा बसले होते. म्हणाले, "आता सुकती हाय. दुपारनंतर पानी येल. आता उतराल तं कंबरंवर रुताल. बसा." बसलो. त्यांच्या उलट्या टाकलेल्या होडीच्या सावलीत. मडकं गंगूने मांडीवरून खाली ठेवलं नाही. मी घेते म्हटलं तरी दिलं नाही. पलीकडे क्रेन चालू होत्या, कंटेनरवर कंटेनर चढत होते, आणि मला तिथे रडायला आलं ते थांबेना. या वेळी कांद्याचं नाव कुणी काढलं नाही.

आता दुसरा प्रश्न. हा टाळत होते. कुकर कधीच लावलेला नसायचा, हे तुलाही कळलं असेलच.

घेतलं. आईंनी तुझं नाव घेतलं. गणपतीपासून त्या दुसरं कुणाचं नाव घेतच नव्हत्या. फक्त ते मला उद्देशून घ्यायच्या.

त्यांचं विस्मरण वाढत होतं हे तुला सांगितलं होतं. एवढं सांगितलं नव्हतं. गणपतीत एकदा मोदकाच्या सारणाची चव बघायला बोलावलं, तर म्हणाल्या, 'निनाद, तू का उठलास इतक्या लवकर?' मला वाटलं, चुकून. मग रोजच. मी सुरुवातीला सांगायची, आई, मी कादंबरी. त्या माझ्याकडे अगदी सौजन्याने बघायच्या, दारात कुणी अनोळखी बाई आली की बघतात तसं, आणि म्हणायच्या, 'बसा हं, निनाद येईल इतक्यात.' मला, निनाद! 'बसा हं!' ज्या घरात मी त्यांचे केस पुसत होते तिथे! दोन-चार वेळा ऐकलं आणि मग मी सोडून दिलं. त्यांनी निनाद म्हणून हाक मारली की मी म्हणायची, आलो गं आई. इतकी वर्षं अहो आई म्हटलं, ते अगं म्हणायला जीभ वळेना पहिल्यांदा. मग वळली. मी आलो म्हटलं की त्या हसायच्या आणि जेवायच्या.

आणि तुझे व्हिडिओ कॉल. तू स्क्रीनवर यायचास आणि त्या मला हळूच विचारायच्या, हे गृहस्थ कोण? तू विचारायचास, काय म्हणतेय आई? मी म्हणायची, नेटवर्क नीट नाही. नेटवर्क उत्तम होतं, निनाद.

मला राग तुझा येतो असं सगळ्यांना वाटतं, तुलाही वाटतं. तुझा राग कधीच शिळा झाला. मला राग येतो आईंचा. आंघोळ मी, औषध मी, भांडण मी, वाल मी सोलले. आणि सगळं पुसून गेलं तेव्हा उरलं नाव कुणाचं, तर वर्षातून दहा दिवस येणाऱ्याचं. कादू म्हणून हाक मारायच्या मला, त्यांनीच ठेवलेलं नाव, दुसरं कुणी म्हणत नाही. ते एकदा तरी तोंडून यावं म्हणून मी त्या गेल्या तोपर्यंत वाट बघत होते. मेलेल्या माणसावर इतकं चिडू नये. चिडले आहे, आणि काय करू?

त्या दिवसांत त्यांचा एकच ध्यास होता. 'निनाद, मला माहेरी पोचव रे.' मी म्हणायची, हो गं, शनिवारी जाऊ. दिवस त्यांना कळत नसत, त्यामुळे शनिवार कधी यायचा नाही. त्या सकाळी मी चहा घेऊन गेले तर उठून बसलेल्या. म्हणाल्या, 'आज शनिवार ना?' कुठून कळलं देव जाणे. मी म्हटलं, हो, चहा पी, मग निघू. चपला पलंगाशी आणून ठेवायला लावल्या. चहा प्यायल्या. आणि म्हणाल्या, 'जरा पडते. निनाद, निघताना उठव हं मला.'

हे शेवटचं. तुझं नाव आहे त्यात. घे.

दुपारनंतर पाणी आलं, तिवरांच्या मुळांतून आधी हळूहळू, मग भराभर. म्हातारबुवांनी होडी सरळ केली आणि आम्हाला दोघींना मधल्या धारेपर्यंत नेलं. मंत्र मला येत नाहीत. मी फडकं सोडलं आणि म्हटलं, 'आई ऊठ, आलं माहेर.' गंगू शेजारून ओरडली, "आजी, सांभाळून जा गो!" आणि मडकं पाण्यावर जरा वेळ तरंगलं, मग तिरपं झालं, आणि गेलं.

तू मुलगा आहेस, तुझा हक्क होता, वगैरे सगळं मला मान्य आहे. पण ते तुझ्याच नावाने झालंय. त्यांच्या हिशेबी त्यांना निनादनेच पोचवलं. तुला नाशिकला जायचं असेल तर जरूर ये, फुलं सोड, गुरुजी त्याचाही विधी काढतील. इंद्रजीतला तू कळव, मला त्याच्याशी बोलायचं नाही. अवधूतरावांना मी कळवलं आहे की वैयक्तिक वस्तू हलवली.

एक राहिलं. परवा बाजारात गेले होते. मागून कुण्या बाईने जोरात हाक मारली, 'निनाद!' तिचा मुलगा गर्दीत पुढे पळाला होता. आणि मी भर बाजारात, हातात पिशव्या, मागे वळून म्हटलं, 'आलो गं.' लोक बघत राहिले. ती बाई मला ओलांडून पुढे गेली.

घरी आता मला कोणत्याच नावाने कुणी हाक मारत नाही.

कादू